वर्गमित्राचा वेब प्रोजेक्ट तपासायचा कसा: लिंक देण्यापासून दुरुस्तीपर्यंत

वेब डिझाइनच्या प्रॅक्टिकलला "एकमेकांचे प्रोजेक्ट बघा आणि अभिप्राय द्या" असं सांगितलं की बहुतेक बॅचमध्ये एकच प्रकार घडतो. ज्याचा प्रोजेक्ट तोच माउस धरतो, "इथे क्लिक केलं की हे येतं" असं दाखवत जातो आणि बाकीचे मान डोलावतात. शेवटी कागदावर "छान झालंय, रंग जरा बदल" एवढंच उरतं. मग व्हायवाच्या दिवशी परीक्षक स्वतःच्या फोनवर लिंक उघडतात आणि पहिल्याच बटणाला पेज अडकतं. ती अडचण वर्गातल्या कुणालाही आठ दिवस आधी सापडली असती. माउस त्याच्या हातात दिला नाही म्हणून सापडली नाही.

खालचा क्रम बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, डिप्लोमा किंवा डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून खानावळीच्या खाड्यांचा हिशेब करणारं पेज घेऊ. महिन्याचा दर टाकायचा, कॅलेंडरवर न जेवलेले दिवस निवडायचे, की द्यायची रक्कम दिसते. प्रोजेक्ट छोटा वाटतो, पण त्यात फॉर्म, तारखा, गणित आणि साठवलेली माहिती असं सगळंच येतं.

## टप्पा १: प्रोजेक्ट अर्धा असतानाच दिवस ठरवा

सबमिशनच्या आदल्या दिवशी मिळालेला अभिप्राय कुणीच वापरत नाही. तोवर रंग, रचना, कोड सगळं पक्कं झालेलं असतं आणि काही बदलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. म्हणून मुख्य काम एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू लागलं, की पहिली फेरी घ्या. आपल्या उदाहरणात दर टाकून, चार दिवस निवडून रक्कम दिसली की पुरे. सजावट नंतर करता येते.

दुसरी फेरी दुरुस्त्या झाल्यावर घ्या. एका फेरीला तीन ते पाच तपासणारे भरपूर होतात. थोड्या लोकांच्या लहान चाचण्या पुन्हा पुन्हा घ्याव्यात, एका फेरीला पाच जण पुरतात, असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलं होतं. वर्गापुरतं ते अगदी लागू पडतं. पहिल्या तिघांना जिथे अडलं तिथेच पुढचे दहाही अडतात. त्या दहा जणांना दुरुस्तीनंतरच्या फेरीसाठी राखून ठेवा.

तपासणारे निवडताना निदान एक जण दुसऱ्या ग्रुपमधला घ्या. शेजारी बसणाऱ्या मित्राने प्रोजेक्ट बनताना पाहिलेला असतो, त्यामुळे कुठलं बटण कुठे आहे हे त्याला आधीच माहीत असतं.

## टप्पा २: झिप फोल्डर देऊ नका, चालणारी लिंक द्या

व्हॉट्सअ‍ॅपवर झिप पाठवली की निम्मे जण ती उघडतच नाहीत, आणि उघडणाऱ्यांना फोनवर काही दिसत नाही. गिटहब पेजेस किंवा तशाच मोफत होस्टिंगवर प्रोजेक्ट चढवा. स्वतःच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारा प्रोजेक्ट तिथे चढवल्यावर मोडतो, तो बहुधा या तीन कारणांनी:

१. फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं. विंडोजला दोन्ही सारखीच, सर्व्हरला वेगळी. कोडमध्ये नाव लहान अक्षरांत आणि कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलच्या शेवटी मोठ्या अक्षरांत जेपीजी असेल, तर फोटो दिसणार नाही. सगळी नावं लहान अक्षरांत ठेवा, मध्ये मोकळी जागा नको.

२. सी ड्राइव्हपासून सुरू होणारा पत्ता. तो फक्त तुमच्याच मशीनवर चालतो.

३. तिरप्या रेघेने सुरू होणारा पत्ता. गिटहब पेजेसवर प्रोजेक्ट तुमच्या नावाच्या पत्त्याखालच्या उपफोल्डरमध्ये असतो. पत्ता तिरप्या रेघेने सुरू झाला की ब्राउझर थेट मुळाशी जातो आणि फाइल सापडत नाही.

पहिल्या पानाचं नाव इंडेक्स हेच असू द्या, आणि एचटीएमएलच्या हेड भागात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग आहे ना ते बघा. तो नसेल तर फोन पेजला डेस्कटॉपच्या रुंदीचं समजतो आणि अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

सावधान: रिपॉझिटरी (गिटहबवरचं प्रोजेक्टचं फोल्डर) सार्वजनिक असेल तर वर्गाची यादी, मोबाइल नंबर, एपीआय की (दुसऱ्या सेवेला जोडणारा गुप्त कोड) असलं काहीही त्यात टाकू नका. नंतर फाइल काढून टाकली तरी गिटच्या इतिहासात ती राहते. की चुकून गेलीच असेल तर ती रद्द करून नवी घ्या.

तपासा: लिंक स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटावर, खासगी विंडोमध्ये उघडून बघा. खासगी विंडोत जुन्या साठवलेल्या फाइल आड येत नाहीत.

## टप्पा ३: लिंकसोबत चार ओळींची चिठ्ठी

"बघ रे जरा" म्हटलं की "मस्त आहे" असंच उत्तर येतं. काय बघायचं ते सांगा. चिठ्ठीत एवढंच असावं:

- पेज कुणासाठी आहे. "खोली घेऊन राहणाऱ्या, महिन्याची खानावळ लावलेल्या मुलामुलींसाठी."
- करून बघायची दोन-तीन कामं. "या महिन्यात ५ ते ८ तारखेला तू गावी होतास. महिन्याचा दर ३,००० रुपये आणि महिना ३० दिवसांचा. किती द्यायचे ते काढ."
- काय अजून झालेलं नाही. "प्रिंटचं बटण चालत नाही, ते सोडून दे."
- तुमची एक खरी शंका. "निवडलेला खाडा काढून कसा टाकायचा ते समजतं का?"

काम सांगताना बटणाचं नाव घेऊ नका. "खाडे नोंदवा वर क्लिक कर" असं लिहिलं की तपासणारा ते शब्द शोधतो आणि क्लिक करतो. पेज समजतं की नाही, हे त्यातून कळत नाही. आणि कामाचं बरोबर उत्तर तुमच्याकडे आधीच काढलेलं असू द्या. इथे दिवसाला १०० रुपये, चार खाडे, म्हणून २,६०० रुपये.

## टप्पा ४: आधी वापरा, बोलू नका

हा टप्पा सगळ्यांत जास्त चुकतो, आणि चूक जवळजवळ नेहमी प्रोजेक्ट करणाऱ्याची असते.

तपासणाऱ्याने स्वतःच्या फोनवर लिंक उघडावी आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करावं: "दर कुठे टाकायचा... हा असेल... आता तारीख... दाबलं, पण काही झालं नाही." प्रोजेक्ट करणाऱ्याने शेजारी वही घेऊन बसावं आणि तोंड बंद ठेवावं. मित्र चुकीच्या जागी बोट ठेवत असताना गप्प बसणं जड जातं, हे खरं आहे. पण तुम्ही "अरे वर बघ, वर" म्हणालात की तो वर बघतो, आणि वरचं बटण कुणाला दिसत नाही ही माहिती तुमच्या हातून जाते. परीक्षकांच्या शेजारी तुम्ही बसलेले नसाल.

वहीत फक्त घडलेलं लिहा. कुठे थांबला, काय आधी दाबलं, कुठे मागे गेला, कुठलं वाक्य दोनदा वाचलं. "त्याला कळलं नाही" असं लिहू नका. "निकाल खाली होता, स्क्रोल केलं नाही, तीनदा बटण दाबलं" असं लिहा.

तपासणारा पूर्ण अडकला तरच मदत करा, आणि मदत केली ही नोंदही ठेवा.

## टप्पा ५: आता मुद्दाम मोडून बघा

दिलेली कामं झाली की तपासणाऱ्याने पेजला त्रास द्यायचा. इथे घाई करू नका. दोष सापडतात ते बहुतेक इथेच.

फोन. माउस वर नेल्यावर उघडणारे मेनू बोटाला बऱ्याचदा उघडत नाहीत. कॅलेंडरचे चौकोन एवढे लहान नाहीत ना, की ५ दाबताना ६ दाबली जाते? वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या मानकात, जे ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं, दाबायच्या जागेचं किमान माप २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल सांगितलं आहे. माझ्या मते विद्यार्थ्यांनी ४४ धरून चालावं, कारण एसटीत उभ्याने फोन वापरणाऱ्याला २४ पुरत नाही. आयफोनवर फॉर्मच्या रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की रकान्यात बोट ठेवताच पेज आपोआप मोठं होतं. वर्गात एखाद्याकडे आयफोन असेल तर त्याच्याकडून एवढं जरूर बघून घ्या.

कीबोर्ड. माउस बाजूला ठेवा. टॅब दाबत पेजच्या शेवटापर्यंत जा, एंटरने बटणं दाबा. आपण कुठे आहोत ते प्रत्येक वेळी दिसलं पाहिजे. रकान्याभोवतीची निळी चौकट "बरी दिसत नाही" म्हणून बरेच जण काढून टाकतात, आणि मग कीबोर्डवर काम करणारा माणूस पेजवर हरवतो. साध्या डिव्हला क्लिक जोडून केलेलं बटण टॅबला सापडतच नाही. बटणासाठी बटण हाच टॅग वापरलेला हवा.

मराठी. आपल्याकडच्या प्रोजेक्टांत हे तपासलंच जात नाही, म्हणून थोडं सविस्तर.

दराच्या साध्या रकान्यात मराठी कीबोर्डवरून ३००० असे देवनागरी आकडे टाका. जावास्क्रिप्ट हे आकडे संख्या म्हणून ओळखत नाही, आणि रकमेच्या जागी "एनएएन" (ही संख्या नाही) ही तीन इंग्रजी अक्षरं उमटतात. हिशेबाआधी देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून घेणं हा उपाय. उलट्या दिशेनेही तेच होतं. रक्कम मराठी पद्धतीने सजवून दाखवली आणि मग तीच स्क्रीनवरून वाचून पुढचा हिशेब केला, की गणित कोसळतं.

नावाच्या रकान्यात "श्रीकांत" लिहा. नावासाठी फक्त ए ते झेड चालतील असा नियम लावला असेल तर पेज स्वतःच्या भाषेतलं नाव चुकीचं ठरवेल. नावाच्या पहिल्या अक्षराचा गोल बिल्ला बनवला असेल तर "श्री"ऐवजी नुसता "श" येईल, कारण जावास्क्रिप्टच्या लेखी श, हलन्त, र आणि वेलांटी ही चार वेगळी चिन्हं आहेत. अक्षरांच्या मर्यादेचंही तेच. "क्षितिज" आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, संगणक सात मोजतो.

मथळ्याला अक्षरांमधली मोकळी जागा वाढवायचा सीएसएस नियम लावला असेल तर शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींची उंची कमी ठेवली तर रफार आणि उकार कापले जातात. इंग्रजी मजकुरावर हे दोन्ही कधीच दिसत नाही, म्हणून टेम्प्लेट उचलणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पेजची भाषा मराठी असल्याची नोंदही एचटीएमएल टॅगमध्ये हवी. काही फॉन्ट त्या नोंदीवरूनच ल आणि श यांची मराठी वळणं देतात, आणि स्क्रीन रीडरला (पेज वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) उच्चार कुठल्या भाषेत करायचे ते कळतं.

तारखा. कॅलेंडरवर ५ निवडा आणि खालच्या यादीत काय आलं ते बघा. बऱ्याच प्रोजेक्टांत ४ येतं. जावास्क्रिप्टमध्ये तारीख टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरून मजकुरात बदलली की ती जागतिक वेळेत (यूटीसी) जाते. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे आपल्याकडची मध्यरात्र तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ ठरते. महिनाही बघा, कारण तिथे जानेवारी शून्यापासून मोजतात. फेब्रुवारी आणि ३१ दिवसांचा महिना, दोन्ही निवडून रक्कम हाताने पडताळा.

घाई आणि सावकाशी. बटण पटापट दोनदा दाबा. नोंद दोनदा झाली का? मागे जा, पेज रिफ्रेश करा. निवडलेले खाडे राहिले का? रकाना रिकामा ठेवा, उणे आकडा टाका, महिन्यात असतील त्याहून जास्त खाडे टाका. मग क्रोममध्ये एफ-१२ दाबून नेटवर्कमध्ये वेग कमी करा. फोनने काढलेला फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. तो तसाच मागे लावला असेल तर गावातल्या नेटवर्कवर पेज उघडेपर्यंत माणूस निघून जाईल. बटण दाबल्यावर एका सेकंदात काहीच हललं नाही, तर दाबलं गेलं की नाही अशी शंका येते, आणि तो पुन्हा दाबतो.

तपासा: एफ-१२ उघडलंच आहे तर कन्सोलमधल्या लाल ओळी जशाच्या तशा टिपून घ्या. क्रोममधलं लाइटहाउस हे पेज तपासणारं साधन चालवून सुलभतेचा अहवाल घ्या. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (काँट्रास्ट) साध्या मजकुराला ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ असावा लागतो, ते त्यात कळतं.

सावधान: लाइटहाउसने १०० पैकी १०० दिले तरी कॅलेंडर ५ ची ४ करत असू शकतं. तो आकडा स्लाइडवर मिरवून टप्पा ४ टाळू नका.

## टप्पा ६: अभिप्राय लिहा, चार भागांत

प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी हव्यात: कुठे, मी काय केलं, काय झालं, मला काय अपेक्षित होतं. सोबत फोन किंवा ब्राउझर कोणता तेही लिहा.

"कॅलेंडर नीट चालत नाही" हे वाचून प्रोजेक्ट करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हेच असं लिहा: "कॅलेंडरवर ५ दाबली. चौकोन रंगला तो ५ चाच, पण खालच्या यादीत ४ आलं. ६ ला ५ आलं. यादीत ५ यायला हवं होतं. अँड्रॉइड, क्रोम." एवढं वाचून तो थेट त्या ओळीपाशी जाईल. कारण माहीत नसेल तर अंदाज बांधू नका. "तुझं लूप चुकलंय बहुतेक" असं लिहिलंत तर बिचारा रात्रभर लूप शोधत बसेल.

मग प्रत्येक मुद्द्यापुढे एक शब्द लिहा:

- अडलो: काम पूर्णच करता आलं नाही.
- चुकलो: काम झालं, पण निकाल चुकीचा आला, किंवा वाट चुकून परत यावं लागलं.
- खटकलं: काम झालं, पण काहीतरी बरं वाटलं नाही.

रंग, फॉन्ट, चित्रांची निवड हे सगळं "खटकलं" मध्ये जातं, आणि तेही कारण देऊनच. "हिरवा नको" हा फक्त तुमच्या आवडीचा भाग झाला. "हिरव्या पट्टीवरची पिवळी रक्कम उन्हात वाचता आली नाही" हा उपयोगी मुद्दा आहे.

जे चाललं तेही तितक्याच नेमकेपणाने लिहा: "खाडा काढायला तोच चौकोन पुन्हा दाबायचा हे न सांगता समजलं." हे कौतुकासाठी नसतं. दुरुस्ती करताना हा भाग मोडायचा नाही, हे त्यातून कळतं.

सावधान: व्यक्तीवर लिहू नका, मार्कांचा अंदाज देऊ नका, आणि मित्राचा लॅपटॉप ओढून "थांब, मीच करून देतो" करू नका. व्हायवाला त्या ओळी त्याला समजावून सांगाव्या लागणार आहेत.

## टप्पा ७: समोरासमोर दहा मिनिटं

लिहून झाल्यावरच बोला. आधी बोललं की ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत सगळ्यांच्या कागदावर उतरतं.

तपासणाऱ्याने "अडलो" पासून सुरुवात करावी. प्रोजेक्ट करणाऱ्याला फक्त दोन प्रश्नांची मुभा: "कुठे झालं?" आणि "पुन्हा करून दाखवतोस का?" "ते मुद्दाम तसं ठेवलंय", "तुझा फोन जुना आहे", "सरांना चाललं" ही वाक्यं गिळून टाका. फोन जुना असेल, पण वापरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा तसाच असणार. समोरच्याला एकदा वाटलं की हा वाद घालतो, की पुढच्या वेळी तोही "मस्त आहे" म्हणून मोकळा होतो, आणि तुमचं नुकसान होतं.

## टप्पा ८: निवडा, दुरुस्त करा, त्याच माणसाकडे परत जा

सगळे मुद्दे एका यादीत घ्या आणि सारखे मुद्दे एकत्र करा. आधी "अडलो", मग "चुकलो". "खटकलं" मधलं दोघांनी किंवा जास्त जणांनी स्वतंत्रपणे लिहिलेलं असेल तेवढंच घ्या. प्रत्येक सूचना मानायची गरज नाही. तपासणाऱ्याची अडचण खरी धरा, त्याने सुचवलेला उपाय मात्र तपासून घ्या. "बटण लाल कर" असं कुणी म्हणालं, तर त्याची खरी अडचण बटण दिसलं नाही ही आहे. ते स्क्रीनच्या खाली दडलेलं असेल तर लाल करून काय होणार? वर आणा.

एका वेळी एक दोष दुरुस्त करा, चालतो का बघा, कमिट करा (गिटमध्ये बदल नोंदवा) आणि संदेशात दोषाचं नाव लिहा. पाच गोष्टी एकदम बदलून काही मोडलं, तर कशाने मोडलं ते शोधण्यात संध्याकाळ जाते. न घेतलेल्या मुद्द्यांपुढे कारणाची एक ओळ लिहून ठेवा. ही यादी जर्नलला जोडली तर "चाचणी कशी केली?" या प्रश्नाचं उत्तर तयारच असतं.

दुरुस्ती झाली की ज्याला तो दोष सापडला त्यालाच लिंक परत द्या, आणि तेच काम त्याच फोनवर पुन्हा करायला सांगा. नवी आवृत्ती गिटहब पेजेसवर दिसायला काही मिनिटं लागतात, तेवढं थांबून लॅपटॉपवर कंट्रोल-शिफ्ट-आर आणि फोनवर खासगी विंडो वापरायला सांगा. नाहीतर तो जुनंच पेज बघून "अजून तसंच आहे" म्हणेल. त्याने करून बघितल्याशिवाय यादीतला मुद्दा खोडू नका. त्यानंतर सुरुवातीचं ३,००० रुपयांचं कामही स्वतः एकदा पूर्ण करून बघा, कारण तारखेची दुरुस्ती करताना रकमेचा हिशेब मोडलेला असू शकतो.